नकाराची किंमत कुणी मोजायची?

इटलीत सरकारी रुग्णालयात रुजू होणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला एक पत्र देता येतं. गर्भपाताच्या कामात भाग घेणं माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, एवढाच त्याचा आशय. त्यावर कुणी चौकशी करत नाही, पगारही कापला जात नाही. 22 मे 1978 च्या 194 क्रमांकाच्या कायद्याने तिथे गर्भपाताला मान्यता दिली आणि त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने हा नकाराचा अधिकारही दिला. पुढे 1981 साली कायदा मोडीत काढण्यासाठी सार्वमत झालं, तेव्हा सुमारे 68 टक्के मतदार कायद्याच्या बाजूने उभे राहिले. कायदा टिकला. पण गेली कित्येक वर्षं तिथले दहापैकी सहा-सात स्त्रीरोगतज्ज्ञ ते पत्र देऊन मोकळे झालेले आहेत.

कलम वाचलं तर ते बेफिकिरीने लिहिलेलं वाटत नाही. बाईचा जीव तातडीच्या धोक्यात असेल तर नकार चालत नाही. गर्भपाताच्या आधीची आणि नंतरची शुश्रूषा टाळता येत नाही. आणि रुग्णालयाने काहीही झालं तरी ही सेवा द्यायचीच आहे. म्हणजे सवलत माणसाला आहे, संस्थेला नाही. व्यवहारात मात्र माणसांच्या नकारांची बेरीज होत होत ती संस्थेचाच नकार होऊन बसते. मोलिझे नावाच्या छोट्या प्रदेशात बरीच वर्षं एकाच डॉक्टरवर हे सगळं काम होतं. तो रजेवर गेला की बाईने शेजारच्या प्रदेशात जायचं. आधीच मुदत 90 दिवसांची, त्यात तातडी नसेल तर सात दिवस विचारासाठी थांबायचं. युरोपीय सामाजिक हक्क समितीने या अवस्थेबद्दल इटलीवर दोनदा ठपका ठेवला, 2014 आणि 2016 साली जाहीर झालेल्या निर्णयांत. दुसऱ्या निर्णयात तर नकार न देणाऱ्या डॉक्टरांवरही अन्याय होतो, असं म्हटलं होतं. 2017 मध्ये रोमच्या सान कामिल्लो रुग्णालयाने हे काम करायला तयार असलेल्यांसाठीच म्हणून दोन जागा भरल्या, तेव्हा धर्मगुरूंनी टीकेची झोड उठवली.

डॉक्टरच्या सदसद्विवेकाला मी कमी लेखत नाही. फाशीच्या अंमलबजावणीत किंवा कैद्याच्या छळात हात घालायला नकार देणारा डॉक्टर आपल्याला हवाच असतो. सगळ्याला मान डोलावणारा वैद्यकव्यवसाय भयानक असेल. शिवाय ज्याचं मन उलटं ओढतं आहे, त्याच्या हाती बाईला जबरदस्तीने सोपवून तिचंही भलं होणार नाही. पण युद्धावर जायला नकार देणारा माणूस तुरुंगात जातो, नाहीतर पर्यायी सेवा म्हणून वर्षं घालवतो. तत्त्व त्याचं आणि झळही त्यालाच. रुग्णालयात हे गणित उलटं होतं. तत्त्व डॉक्टरचं असतं आणि दिवस बाईचे जातात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आपल्याकडे र. धों. कर्वे होऊन गेले. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. हे काम कॉलेजला रुचलं नाही, तेव्हा त्यांनी काम ठेवलं आणि नोकरी सोडली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. सदसद्विवेक म्हटलं की आपल्याला नकार देणाराच आठवतो. मदत करणाऱ्यालाही तो असतो. कर्व्यांनी आपल्या विवेकाचा भुर्दंड दारात आलेल्या बाईवर टाकला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

नकाराची किंमत कधी जिवानेही मोजावी लागते. मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार 28 ऑक्टोबर 2012 रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे इथे जंतुसंसर्गाने गेल्या. सतरा आठवड्यांची गर्भधारणा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं, त्यांनी गर्भपात मागितलेला. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि देशाचा कायदा आडवा आला. तो नकार एका डॉक्टरच्या विवेकाचा नव्हता, साऱ्या राज्यघटनेचा होता. मे 2018 च्या सार्वमतात तिथल्या 66.4 टक्के मतदारांनी गर्भपाताच्या आड येणारी ती घटनादुरुस्ती पुसून टाकली. त्याच वर्षी झालेल्या कायद्यात डॉक्टरला नकाराचा हक्क ठेवला, पण नकार देणाऱ्यानेच शक्य तितक्या लवकर त्या बाईची दुसरीकडे सोय लावायची, असं बंधनही घातलं. पोलंड मात्र उलट्या वाटेने गेला: 2015 मध्ये तिथल्या घटनापीठाने, दुसरा डॉक्टर सुचवण्याची सक्तीसुद्धा विवेकावर घाला आहे, असं ठरवलं. ते मला पटत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2014 मध्ये ग्लासगोच्या दोन वरिष्ठ सुईणींचा दावा आला. गर्भपाताच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या सहकाऱ्यांवर देखरेख करणंही आमच्या विवेकाविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं, की सूट प्रत्यक्ष हातांनी करायच्या कामापुरती आहे. मला तीच रेघ योग्य वाटते. रस्ता सांगणं म्हणजे सोबत चालणं नव्हे.

आपल्याकडे इटलीसारखं पत्रच नाही. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला, त्यात विवेकाचं कलम नाही. उलट वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत लिहिलं आहे, की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपातासाठी मदत नाकारता येणार नाही. ते काम आपल्याला जमत नाही असं डॉक्टरला वाटत असेल तरच सूट. म्हणजे कागदावर नकार अस्तित्वातच नाही.

प्रत्यक्षात मात्र नकार मिळतोच. अशा नकाराचा एक केस पेपर मी हातात घेऊन पाहिला आहे. वर नाव, वय, वजन, बीपी, शेवटच्या पाळीची तारीख, शिक्का. आणि खाली औषध म्हणून लोहाच्या गोळ्या. बाई गर्भ ठेवायचा नाही म्हणून आली होती, त्याबद्दल एक अक्षर नाही. तोंडी उत्तर मिळालं होतं: आम्ही ते करत नाही, सिव्हिलला जा. सिव्हिलमध्ये सिस्टर म्हणाल्या, नवऱ्याला घेऊन या, सही लागते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात नसलेल्या अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं स्वच्छ सांगितलं. त्याच निकालाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची दारं उघडून दिली.

नकार देणाऱ्यांत खरोखर तत्त्वाने मागे हटणारे किती असतील? पुष्कळांना भीती वाटते. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण 2017 मध्ये उघड झालं, त्यानंतर तर गर्भलिंगनिदान आणि कायदेशीर गर्भपात यांतला फरक समाजात पुसटच झाला. गोळ्या ठेवायला औषध दुकानदारही कचरतात. अल्पवयीन मुलगी आली की पोलिसांना कळवण्याचं ‘पॉक्सो’चं बंधन आठवतं. ही भीती खोटी नाही. पण तिच्या आडून ‘लग्नाआधी हे असलं’ असा निवाडाही दिला जातो आणि भीती कुठे संपली, निवाडा कुठे सुरू झाला, हे कुणालाच कळत नाही, कारण काहीच लिहिलेलं नसतं. इटलीच्या त्या पत्राबद्दल माझी कितीही तक्रार असली तरी त्यामुळे नकार मोजता तरी येतो. आपला नकार हवेत विरतो, आणि बाईच्या पोटातले आठवडे तेवढे वाढतात. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागतं. विसाव्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पण नंतर दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक गटांतल्या बायकांसाठीच. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ, नाहीतर उच्च न्यायालय. आठव्या आठवड्यात आलेली बाई तीन दारं फिरून कुठे पोचते, हे तिचा संयम ठरवत नाही, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी ठरवते.

म्हणून मी नकाराचा हक्क लेखी मागते आहे, तोही डॉक्टरांसाठी. ज्याला पटत नाही त्याने रुजू होतानाच तसं लिहून द्यावं, जिल्हा शल्यचिकित्सकांनी ते मोजावं, आणि एकाही रुग्णालयात सगळेच नकार देणारे नेमले जाणार नाहीत, हे बघावं. ज्या दिवशी नकार दिला, त्याच दिवशी केस पेपरवर बाईची मागणी, नकार आणि पुढच्या डॉक्टरचं नाव लिहिलं जावं. तिथवर जायला तिला रुग्णालयाची गाडी मिळावी. प्रसूतीसाठी 102 ची गाडी दारात येते. नकार देणाऱ्या रुग्णालयाने या बाईलाही ती द्यायला हरकत काय?