एहिपस्सिको : या आणि पारखून पाहा



वंदनेत धम्माचे गुण म्हणताना आपण 'एहिपस्सिको' हा शब्द उच्चारतो. आपल्या लहान मुलांनाही तो पाठ असतो. पण त्याचा अर्थ घरातील किती जणांना ठाऊक आहे? 'एहि' म्हणजे ये आणि 'पस्स' म्हणजे पाहा. ज्याच्याविषयी 'या आणि स्वतः पाहा' असे कोणालाही निर्भयपणे सांगता येते, तो धम्म एहिपस्सिको. 'मुकाट्याने माना, नाहीतर पाप लागेल' असे सांगणारे जगात पुष्कळ झाले. तथागतांनी मात्र आपला धम्म परीक्षेसाठी उघडा ठेवला. म्हणून हा शब्द नुसता म्हणण्याचा नाही, वापरण्याचा आहे.

आपल्या रोजच्या बोलण्यात परीक्षेचे शब्द काही थोडे नाहीत. कापड आपण निरखतो. हिशेब तपासतो. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याशी पडताळतो. धान्य पाखडतो, निवडतो. मडके घेताना टिचकी मारून वाजवून घेतो. सोने कसाला लावतो. निरखण्यास डोळे पुरतात, तपासण्यास काही माप लागते. पारखण्यास मात्र खरे-खोटे ओळखणारी बुद्धी लागते. मडके वाजवून घेणारा माणूस मुलीच्या लग्नाचा मुहूर्त दुसऱ्याच्या पंचांगावरून न पारखता ठरवतो, याला काय म्हणावे?

बुद्धवचनातही असे शब्द आहेत. त्यांपैकी तीन प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावेत.

पहिला शब्द 'धम्मविचय'. सात बोध्यंगांपैकी हे दुसरे अंग. विचय म्हणजे निवडून वेगळे करणे. सुपातले खडे आणि दाणे वेगळे करावेत, तसे कुशल आणि अकुशल वेगळे करणे. कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हेच शिकविले. अनेक उपदेशक येत, स्वतःचे मत थोर आणि दुसऱ्याचे हीन म्हणत. कालाम गोंधळून गेले होते. भगवंतांनी सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. येथे एक सावधगिरी हवी. 'मनाला रुचेल ते माना' असा याचा अर्थ अनेकजण करतात. तो चूक आहे. आपल्या आवडत्या मताशी जुळते म्हणून स्वीकारणे, हेही भगवंतांनी त्याच यादीत नाकारले आहे. मग कसोटी कोणती? लोभ, द्वेष आणि मोह यांतून हे उपजते काय? याने आपले व दुसऱ्याचे अहित होते काय? शहाणी माणसे याची निंदा करतात काय? तसे असेल तर टाकून द्या.

दुसरा शब्द 'वीमंसा', म्हणजे चौकसपणे शोध घेणे. मज्झिम निकायात वीमंसक सुत्त आहे. त्यात भगवंत भिक्खूंना चक्क सांगतात की तथागताचीच परीक्षा करा. डोळ्यांना दिसणारे त्याचे आचरण आणि कानांनी ऐकू येणारी त्याची वाणी यांत काही मळ आहे काय, ते पाहा. आणि मग श्रद्धा ठेवा. स्वतःची परीक्षा घेण्यास शिष्यांना सांगणारा शास्ता आपल्याला लाभला आहे! परमपूज्य बाबासाहेबांनीही हाच मार्ग धरला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे केवळ वाट पाहण्यात गेली नाहीत. अनेक धर्म अभ्यासून आणि पारखून त्यांनी हा धम्म आपल्या हाती दिला.

तिसरा शब्द सर्वांत अवघड : 'पच्चवेक्खण', म्हणजे वळून स्वतःकडे पाहणे. भगवंतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी सांगितले की तसेच आपले कर्मही पाहावे : करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर. काया, वाचा आणि मन या तिन्हींचे. राहुलाला केलेला उपदेश भिक्खूंनी आणि उपासकांनीही ऐकावा, असे सम्राट अशोकांनी बैराटच्या शिलालेखात कोरवून ठेवले आहे.

आता हा आरसा आपण आपल्या घरात धरू या. शतकानुशतके लोकांनी आपली जात विचारली. गुण पाहिला नाही, शील पाहिले नाही. जात विचारणे ही पारख नव्हे. पारख टाळण्याची ती पळवाट आहे. हे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तरीही आपल्याच काही घरांत सोयरीक जुळवताना हळूच पोटजात विचारली जाते. मुलगा व्यसनी आहे काय, मुलीला शिकू देणार काय, पंचशील पाळतो काय, हे मागाहून. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांची चित्रे आहेत, आणि त्यांच्याखालीच हा प्रश्न विचारला जातो! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या तोंडी तो शोभतो काय?

म्हणून एक साधा नेम धरा. वंदना झाल्यावर थोडा वेळ सर्वांनी तसेच बसावे. आज मी कोणती गोष्ट न पारखता मानली? माझ्या कोणत्या शब्दाने कोणाचे मन दुखावले? प्रत्येकाने स्वतःला विचारावे. दुसऱ्याचे दोष काढू नयेत. मुलांनी 'असे का?' विचारले तर त्यांना गप्प करू नका. प्रश्न विचारणारे मूल 'एहिपस्सिको' या शब्दाचा अर्थ जगत असते.

दाराशी आलेल्याला आपण 'या, बसा' म्हणतो. धम्म म्हणतो, 'या, पाहा'. शेजारीपाजारी तो कोठे पाहणार? ग्रंथ सर्वांच्या हाती पोचत नाही. ते आपले घर पाहतील, आपला संसार पाहतील. तेथे जे दिसेल, तोच त्यांच्यासाठी धम्म ठरेल.