वीस मिनिटं

कोकणात, घाटाच्या पायथ्याशी एक सरकारी दवाखाना होता. तिथे एक थोरले डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर नुकताच आला होता. भातलावणीचे दिवस होते. त्या दिवसांत साप चावलेली माणसं दवाखान्यात बरीच येत.

एका संध्याकाळी एका बागायतदाराच्या मुलाला गाडीतून आणलं. कलमांच्या बागेत त्याच्या पायाला साप चावला होता. मागून आणखी दोन गाड्या आल्या, माणसं आली. एकाने साप मारून पिशवीत घालून आणला होता, पण तो इतका ठेचला होता की कुठला ते ओळखता येत नव्हतं. मुलाच्या पोटरीला दोरी करकचून बांधली होती.

थोरल्या डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवायला सांगितली. त्यांनी मुलाचा श्वास पाहिला, नाडी पाहिली, पापण्या पाहिल्या. दोरी जपून सैल केली. मग थोडं रक्त काढलं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घातलं, नळी स्टँडला लावली आणि घड्याळात पाहिलं.

"डॉक्टर, सापाचं इंजेक्शन द्या," बागायतदार म्हणाला. "खर्चाचं बघू नका."

"वीस मिनिटं थांबू," डॉक्टर म्हणाले. "या नळीला कुणी हात लावायचा नाही."

त्या वीस मिनिटांत त्यांनी बापाला खाली बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. फुरसं किंवा घोणस चावली आणि विष अंगात भिनलं, तर बहुतेक वेळा रक्त गोठायचं थांबतं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास दमतो. पण साप बिनविषारीही असतो, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. सापाच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तापासून बनतो. विष चढलेल्याचा जीव त्यानेच वाचतो. मात्र काही जणांना तो सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. विष चढलेलं असेल तर हा धोका पत्करायचा आणि द्यायचा. विष नसेल तर मुलाच्या वाट्याला नुसता धोका येतो.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त घट्ट गोठलेलं होतं.

"आत्ता इंजेक्शन देणार नाही," ते म्हणाले.

व्हरांड्यात गलका झाला. कुणी म्हणालं, डॉक्टर घाबरतो. कुणी म्हणालं, औषधाचा साठाच नसेल. एकाने वरच्या कुणाला तरी फोन लावला आणि तो डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी फोनवरही तेच सांगितलं. मग ते मुलाकडे वळले.

"बाळा, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली, डोळे जड वाटले, पोटात दुखलं, तर लगेच मला सांगायचं. मी इथेच आहे."

त्यांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले. अर्ध्या तासाने पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा वीस मिनिटं. त्यानंतर पुन्हा अर्ध्या तासाने. पहिले तीन तास असे गेले, मग दर तासाला. प्रत्येक वेळी रक्त गोठत होतं. सकाळी मुलाने पेज खाल्ली. तरी डॉक्टरांनी त्याला पूर्ण चोवीस तास ठेवून घेतलं आणि मगच घरी सोडलं.

तरुण डॉक्टर हे सारं पाहत होता. एवढा मोठा माणूस, एवढा दबाव, आणि सर बधले नाहीत. हे त्याला फार आवडलं. आपणही असंच वागायचं, असं त्याने ठरवलं. ठरवलं ते चांगलंच होतं. चांगला वैद्य होऊ पाहणारा कुणीही हेच ठरवेल.

त्याच आठवड्यात थोरले डॉक्टर एका बैठकीसाठी जिल्ह्याच्या गावी गेले. त्या दिवशी तिन्हीसांजेला एक मजूर बाई आली. लावणी करताना तिच्या घोट्याला काहीतरी चावलं होतं. साप तिने पाहिलाच नव्हता. बरोबर फक्त नवरा होता.

तरुण डॉक्टरने तिचा श्वास पाहिला, नाडी पाहिली, पापण्या पाहिल्या. रक्त काचेच्या नळीत घातलं. वीस मिनिटं थांबला. नळी तिरकी केली. रक्त गोठलेलं होतं.

"काही झालेलं नाही," तो बाईला म्हणाला. "इंजेक्शन नको. झोपा आता."

नवऱ्याने मान डोलावली. गलका झाला नाही, फोन आला नाही. तरुण डॉक्टरने सिस्टरला सांगितलं, "काही वाटलं तर बोलवा," आणि तो क्वार्टरवर जाऊन झोपला. थोड्याच वेळात एक बाळंतीण आली आणि सिस्टर तिकडे गुंतली.

मध्यरात्री थोरले डॉक्टर परतले. घरी जाण्याआधी त्यांनी वॉर्डात एक फेरी मारली. मजूर बाई जागी होती.

"ताई, बरं आहे ना?"

"बरं आहे."

नवरा चाचरत म्हणाला, "थुंकीतून जरा लाल येतंय. मिश्री लावते ती, त्यानं असेल."

डॉक्टरांनी बॅटरी आणली आणि बाईला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या पाझरत होत्या. त्यांनी रक्त घेतलं, नळी स्टँडला लावली आणि तिच्या उशाशी बसले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं.

त्यांनी तरुण डॉक्टरला उठवून आणलं. दोघांनी दहा वायल विरघळवून सलाईनमधून उतारा सुरू केला. अ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून हाताशी ठेवली. तासाभरात औषध आत गेलं. बाईला त्याचा त्रास झाला नाही.

"ताई, लाल कधीपासून येत होतं?" थोरल्या डॉक्टरांनी विचारलं.

"दहाच्या सुमारापासून."

"मग सांगितलं का नाही?"

बाई तरुण डॉक्टरकडे पाहून संकोचली. "डॉक्टरांनी काही झालं नाही म्हणून सांगितलं होतं. परत कसं विचारायचं?"

बागायतदाराने दहादा विचारलं म्हणून त्याला सगळं कळलं, असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. त्याला ते त्याने विचारण्याआधीच सांगितलं होतं. जो विचारायला धजत नाही त्याला तर आधी सांगायला हवं, कारण काय झालं तर बोलायचं हे त्याला दुसरं कुणी सांगणार नसतं.

उजाडायला आलं तेव्हा दोघं व्हरांड्यात आले. तरुण डॉक्टर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, रक्त गोठलेलं होतं. तरी मी इंजेक्शन द्यायला हवं होतं का?"

"नाही. मीही दिलं नसतं."

"मग माझं चुकलं कुठे?"

"तू माझं 'नाही' तेवढं उचललंस. औषध न देणं हाही उपचारच आहे. पण तो करणाऱ्याने रोग्याला सगळं सांगायचं असतं, आणि उठून जायचं नसतं."

तरुण डॉक्टरने यावर काही उत्तर दिलं नाही. उतारा दिल्यानंतर सहा तासांनी रक्त पुन्हा तपासायचं होतं. तोवर तो बाईजवळ बसला. हिरड्या, लघवी, डोळे, पोट, कशाकशाकडे लक्ष ठेवायचं ते त्याने तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. सहा तासांनी त्याने रक्त घेतलं, वीस मिनिटं थांबला आणि नळी तिरकी केली. रक्त गोठलं होतं.