थेंबाच्या मागोमाग

मे महिन्यात नागपुरात पहाटेच लोखंड हाताला सोसतं. पोर्चमधल्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटजवळ आत्ताच बसून घ्या. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पेटीतच राहू द्या. रात्री इंजिनाखाली सरकवलेला पुठ्ठा ओढा आणि त्यावरच्या डागाकडे सावकाश पाहा.

डाग डाव्या अंगाला आहे की उजव्या? डावीकडे चेनकेस, उजवीकडे टायमिंग कव्हर. पण तेल जिथे ठिबकतं तिथूनच गळत असेल, असं नाही. रॉकरच्या पाइपाखालचं तांब्याचं वॉशर सैल असलं, तर तेल फिन्सवरून उतरत उतरत भलत्याच बोल्टाच्या टोकाशी लोंबतं. इंजिन रॉकेलने पुसा, कोरडं झालं की टाल्कम पावडर भुरभुरवा, एक फेरी मारून या. पांढऱ्यावर उमटलेली पहिली ओली रेघ म्हणजे तेल निघण्याची खरी जागा.

आता डाग सोडा आणि त्या थेंबाबरोबर मनानेच आत शिरा. हे इंजिन १९५० च्या दशकात मद्रासला बनू लागलं. त्याची तेलाची टाकी क्रँककेसच्याच अंगात आहे. एक पंप टाकीतलं तेल फिल्टरमधून क्रँककडे, बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) फ्लोटिंग बुशकडे ढकलतो. तिथून ते उडतं, सिलिंडरच्या भिंती भिजवतं, खाली साचतं. दुसरा पंप ते उचलून वर रॉकरला पाजतो आणि टाकीत परत आणतो. हा परतीचा पंप पहिल्यापेक्षा जास्त तेल ओढणारा ठेवलाय, खाली तुंबू नये म्हणून. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू खाली झिरपतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. घाईने ओतू नका. इंजिन थोडा वेळ चालू द्या, मग मोजा. तेल हरवलेलं नसतं.

थोडं थांबा. बुश आणि क्रँकपिन यांच्यामध्ये आत्ता काय असेल, ते डोळ्यांसमोर आणा. चालत्या इंजिनात ही दोन लोखंडं एकमेकांना जवळजवळ शिवत नाहीत. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि स्फोटाचा सगळा भार तोच पेलतो. हे माणसाला कळलं तेही गळतीमुळेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला पाडलेल्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. मग त्यांनी तिथे दाबमापक लावला आणि त्याचा काटा सरासरी भाराच्या दुपटीपलीकडे गेला. फिरता आस स्वतःच तेल ओढून दाब तयार करत होता. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. टॉवर यांनी खुंटी आणखी जोरात ठोकली असती तर?

आपण मात्र तेच करतो. ही गोष्ट मला मनापासून खुपते. डाग दिसला की पाना. चेनकेसचं झाकण एकाच नटावर धरलेलं आहे. तो नको तितका आवळला की झाकण वाकतं आणि गळती वाढते. सिलिकॉनही तसंच. बाहेर जेवढी रेघ फुगून येते, तेवढीच आतही सुटते आणि तिचा तुकडा तेलाच्या बारीक वाटेत अडकू शकतो.

म्हणून पाना उचलण्याआधी हाताने चाचपून ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारा, पाइप शोधा. आता तुमचा श्वास संथपणे सोडा आणि पिस्टन खाली येताना पाहा. व्यास ७० मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टनखालची सुमारे ३४६ घनसेंटिमीटर जागा आक्रसते, आणि मिनिटाला दोन हजार फेरे हे काही फार नव्हेत. त्या हवेला वाट हवी. ब्रीदर मळीने बुजला, पाइप दुमडला किंवा त्याचं रबर कडक झालं, की दाब प्रत्येक जोडातून तेल रेटतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, इंजिन हवेवरच थंड व्हायचं असतं, तेल पातळ पडतं. मग ते जास्तच लवकर वाट काढतं. नवं पॅकिंग घालण्याआधी ब्रीदर साफ करा. २०डब्ल्यू-५० तेल खुणेपर्यंतच भरा, वर नको. त्यानंतरही गळलं, तर जोडाचा पृष्ठभाग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट करा आणि पॅकिंग बदला.

एवढं झालं की त्याच थेंबाच्या मागे आणखी थोडं चला. तेल बदलल्यावर डब्यात उरलेलं काळं तेल कुठे जातं? घरासमोरच्या नालीत ओतलं तर ते नाग नदीत, तिथून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत, गोसेखुर्दच्या पाण्यात उतरतं. ते तेल बुचाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्या.