पोर पाण्यात असताना तुमचे डोळे कुठे असतात?

पालकहो, सुट्टी लागण्याआधी दरवर्षी मी मुलांना सूचना देते. या वेळी तुम्हाला देणार आहे. पाच वर्षांचं मूल पाणी दिसलं की धावणारच. त्याला आवरायला तुम्ही बरोबर असता.

आणि समुद्रावर जाऊन करता काय? बोरिवलीहून गोराई, मालाडहून आक्सा, अंधेरीहून जुहू. सुट्टी मोठी असली की काशीद नाहीतर गणपतीपुळे. मुलं पाण्यात, मोठी माणसं चटईवर. हटकलं की उत्तर तयार, "आम्ही सगळे आहोत ना लक्ष द्यायला!" सगळे म्हणजे नक्की कोण? काकूला वाटतं आई बघतेय, आईला वाटतं बाबा बघतायत आणि बाबा ग्रुपवर फोटो टाकतायत. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही, हे वर्गात मी रोज बघते. वर्गात त्यापायी फळा पुसायचा राहतो. समुद्रावर मूल जातं.

"काही झालं तर ओरडेल की!" नाही ओरडणार. बुडणाऱ्याचं तोंड जेमतेम पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? मदतीसाठी हात हलवणंही जमत नाही, कारण ते हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रान्सेस्को पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रण करून हे दाखवून दिलं. त्यांच्या निरीक्षणानुसार पाण्यावरची ही धडपड 20 ते 60 सेकंद टिकते. तेवढ्यात तुमचं एक रीलसुद्धा बघून होत नाही.

"गुडघाभरच तर पाणी आहे!" गुडघा कुणाचा? तुमचा गुडघा म्हणजे तीन वर्षांच्या पोराची कंबर. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि मूल आडवं होतं. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, ती जागा तुम्ही पोरांसाठी निवडता. पुष्कळदा आत खेचणारी ओढ नेमकी तिथेच असते.

2023 चा पावसाळा विसरलात? 12 जूनला जुहूला चार मुलं बुडाली, 16 जुलैला मार्वेला तीन. ती 12 ते 16 वर्षांची, हातीपायी धड मुलं होती. तुमचं तर बालवाडीत आहे! समुद्रावर जन्म काढलेला कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्याला लावतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो. तुम्ही मात्र उधाणाच्या दिवशी, लाल बावटा दिसत असताना, जीवरक्षकाशी हुज्जत घालता. तीही मुलांच्या देखत!

आता नीट ऐका. पाण्याजवळ जाण्याआधी एका मोठ्या माणसाचं नाव ठरवायचं. त्याच्या हातात मोबाइल नको, पोटात दारू नको. मूल त्याच्या हाताच्या अंतरावर हवं, म्हणजे हात लांब केला की दंड पकडता आला पाहिजे. पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची, ती "आता तू" असं तोंडाने सांगून आणि समोरच्याकडून "हो" ऐकून. हवेच्या ट्यूबवर विसंबू नका, वारा तिला आत घेऊन जातो. कपडे भडक केशरी घाला, निळे पाण्यात दिसत नाहीत. भरतीची वेळ निघण्याआधीच बघून घ्या. जीवरक्षक नसेल त्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरवू नका.

आणि मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर दाब सुरू करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. हे शिकवणारे वर्ग असतात. सहलीचं बुकिंग करायला वेळ मिळतो ना? मग याला का मिळत नाही?

पहिली पाळी कुणाची, ते घरून निघतानाच ठरवा. नाव ठरत नसेल तर मुलांना वाळूत किल्ला करू द्या, पाण्यात नेऊ नका.