अस्सलपणा आणि स्थान : ‘डेव्हिड’चा प्रश्न

मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात संगमरवरातून घडविलेला ‘डेव्हिड’ फ्लॉरेन्सच्या शासकीय प्रासादासमोर प्रजासत्ताकाचे प्रतीक म्हणून उभारला गेला. परंतु ऊन-पावसापासून रक्षण व्हावे म्हणून १८७३ मध्ये तो अकादमीच्या वास्तूत हलविण्यात आला आणि १९१० मध्ये मूळ जागी त्याची प्रतिकृती बसविण्यात आली.

यांतील अस्सल कोणता, याचे उत्तर वरवर सोपे आहे. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने दाखविल्याप्रमाणे संगीतरचनेचा प्रत्येक यथातथ्य प्रयोग सारखाच अस्सल असतो, परंतु शिल्पाची हुबेहूब प्रतही अस्सल ठरत नाही, कारण तेथे अस्सलपणा रूपावर नव्हे, तर निर्मितीच्या इतिहासावर अवलंबून असतो. हा इतिहास दगडातच उरतो : दुसऱ्या शिल्पकाराने आधी छिन्नी चालवून सोडून दिलेल्या या शिळेचा जुना खडबडीत पृष्ठभाग मूर्तीच्या माथ्यावर दिसतो, असे चरित्रकार कोंदिवी सांगतो.

तथापि चौकातील सार्वजनिक आवाहन हाही कृतीच्या अर्थाचाच भाग मानला, तर संग्रहालयातील मूळ मूर्ती त्या अर्थाला मुकली असून प्रतिकृती तो अंशतः सांभाळते. तिला बनावट म्हणता येत नाही, कारण बनावट वस्तू आपला इतिहास लपविते, तर प्रतिकृती तो मान्य करते. म्हणून अस्सलपणा हा एकच अखंड गुण न मानता द्रव्य, कर्ता आणि प्रयोजन यांच्याशी असलेल्या वेगवेगळ्या संबंधांचा समुच्चय मानणे अधिक सयुक्तिक ठरते.