मिळालेला आकडा, मिळवलेला आकडा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर उपयोजित संख्याशास्त्राचा प्राथमिक पेपर इतर शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोचू लागला आहे, आणि त्याच्याबरोबर एक युक्तिवादही सर्रास ऐकू येतो. गणिते आता संगणक करतो. टी-टेस्ट एका ओळीच्या कोडमध्ये होते आणि तिचा अर्थ कृत्रिम बुद्धिमत्ता समजावून सांगते. मग मुलांना सूत्रे कशाला? मोठमोठे तयार डेटासेट द्या, सॉफ्टवेअर शिकवा. नोकरीत तेच लागते.

यातले अर्धे म्हणणे मान्य करायला हवे. पन्नास आकड्यांचे प्रमाण विचलन कॅल्क्युलेटरवर तीनदा काढल्याने कोणाची समज वाढत नाही. कलनाशिवाय संख्याशास्त्र शिकवूच नये, हा गणितज्ञांचा आग्रह पहिल्या वर्षासाठी गैरलागू आहे. खरी हरकत आहे ती उरलेल्या अर्ध्याला. आकडे आपोआप समोर येऊन पडतात आणि अभ्यास तिथून सुरू होतो, असे हा युक्तिवाद गृहीत धरतो.

बडोद्यात तरी असे गृहीत धरले जाऊ नये. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा कुठल्या गावात शाळेच्या वयाची मुले किती आहेत हे कोणाला तरी दारोदार जाऊन विचारावे लागले असणार. वय विचारले की लोक शून्य किंवा पाचावर संपणारा आकडा सांगतात, ही अडचण भारतातल्या जुन्या जनगणनांना कायम छळत आली. पुढे 1960 साली विक्रम साराभाईंनी याच शहरात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप उभा केला. दुकानांच्या लेखापरीक्षणासाठी ही संस्था देशभर ओळखली गेली. पद्धत साधी, पण कष्टाची. निवडलेल्या दुकानात जायचे, आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, एवढ्यावरून विक्री काढायची. दुकानदाराला ‘किती खपले?’ असे विचारले तर तो अंदाज सांगतो. फळीवरच्या बाटल्या मोजल्या तर आकडा हाती येतो.

इथे एक भेद करायला हवा, आणि प्रस्तुत लेखाचा सारा भर त्यावरच आहे. काही आकडे मिळालेले असतात, काही मिळवलेले. मिळालेला आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या ओघात साठलेला असतो, किंवा दुसऱ्या कोणी मोजून फाइलमध्ये ठेवलेला असतो. मिळवलेल्या आकड्यामागे कोणाला विचारायचे, कुठे मोजायचे आणि कोणाला सोडायचे याचे निर्णय असतात, आणि ते कोणी घेतले हे माहीत असते.

डेटा सायन्सच्या वर्गात हमखास भेटणारी ‘आयरिस’ फाइलच घ्या. 150 फुले, तीन जाती, प्रत्येक फुलाची चार मापे. रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली ती आपल्या लेखात वापरली म्हणून प्रसिद्ध झाली. पण मापे आहेत एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्यांतल्या दोन जातींची फुले कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पावर एकाच कुरणातून, एकाच दिवशी खुडलेली आणि एकाच माणसाने एकाच साधनाने मोजलेली आहेत. जागा, दिवस आणि मोजणारा हात यांमुळे येणारा फरक अशा रीतीने आधीच बाजूला झाला, म्हणून उरलेला फरक जातींचा मानता येतो. तिसऱ्या जातीबद्दल तितक्या खात्रीने असे म्हणता येत नाही. फाइलच्या पाच स्तंभांत यातले काहीच दिसत नाही.

यावर तयार डेटासेटच्या समर्थकांचे उत्तर ठरलेले असते: आकडे पुरेसे जास्त असले की अशा गोष्टी एकमेकींना रद्द करतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे आपल्याच देशातल्या एका वादाने ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिले.

1940च्या दशकात पिकाचे उत्पन्न नमुन्यावरून मोजायचे ठरले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल शेतात दोन-चार फूट त्रिज्येची छोटी वर्तुळे कापण्याकडे होता. खर्च कमी, म्हणून वर्तुळे पुष्कळ. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. छोट्या तुकड्यावरून उत्पन्न नेहमी फुगून येते, असे त्यांनी ठामपणे मांडले. कारण कडेवरच्या रोपात होते. रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. परिषदेचा तुकडा 33 फूट बाय साडेसोळा फूट होता. त्याची कड 99 फूट आणि क्षेत्रफळ 544.5 चौरस फूट, म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे कड 0.18 फूट. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाला हेच प्रमाण एक फूट येते, साडेपाच पट. शाळेतल्या भूमितीने कोणताही विद्यार्थी हे तपासू शकतो.

आता अशी वर्तुळे शंभराऐवजी दहा हजार कापली असती तर? प्रमाण त्रुटी दहाव्या हिश्शावर आली असती आणि फुगवटा तसाच राहिला असता. चुकीच्या आकड्याभोवतीची खात्री तेवढी दहापट वाढली असती. आणि संगणकाने हा फुगवटा पकडला असता असे म्हणावे, तर पकडणार कशावरून? कुठले रोप आत ओढले याचा स्तंभ त्या कोष्टकात नव्हता. सुखात्म्यांना तो फुगवटा दिसला कारण त्यांनी मोठे तुकडे कापून दुसरे, स्वतंत्र माप मिळवले. महालनोबिसांच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की एकाच भागात दोन पथकांना वेगवेगळे पाठवून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची पद्धत त्यांची. वाद कडवा होता, पण आकडा शेतात कसा तयार होतो हे जाणणाऱ्या दोघांमधला होता.

आजच्या आकड्यांचेही तेच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले. त्या नुकसानीचा अभ्यास कोणी ऑनलाइन तक्रारींवरून करू लागला तर ज्याचा मोबाइलच भिजून गेला त्याचे घर त्यात येणार नाही. तक्रारी लाखभर असल्या तरी नाही. एका वसाहतीतली प्रत्येक दहावी चाळ निवडून चाळीस घरी जाऊन विचारणारी दोन मुले त्या वसाहतीबद्दल अधिक विश्वासार्ह काही सांगू शकतील.

वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न येतो. चार श्रेयांकांच्या पेपरला साधारण साठ तास असतात. त्यातले वीस गोळा करण्याला द्यावेत, आणि ते हातची आकडेमोड काढून टाकून मिळवावेत. संगणकवाल्यांची अर्धी मागणी इथे उपयोगी पडते. बडोद्यातल्या मांडवीजवळची दहा किराणा दुकाने घेऊन साठ्याचे लेखापरीक्षण करता येईल, एका वर्गाला सव्वाशे माणसांची वये विचारून शून्य-पाचाचा ढीग मोजता येईल. प्रत्येक गटाच्या कामाचा काही भाग दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे पुन्हा मोजावा. परीक्षेत आलेखाइतकेच गुण वहीला असावेत: कोण भेटले नाही, कोणी उत्तर द्यायला नकार दिला, प्रश्नाचे शब्द मध्येच का बदलावे लागले. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर कोणाचेही गुण कापू नयेत, आणि तो फरक कुठून आला असेल याची छाननी हाच तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न असावा.