छापलं म्हणजे संपादन झालं का?

ये, बैस. चहा नंतर. आधी मंडळीच्या पत्रिकेचा हा अंक उघड.

आठ पानं काढलीत तुम्ही. त्यातली तीन वाढदिवसाच्या फोटोंची, आणि पाळक साहेबांचा संदेश दोनदा, पहिल्या पानावर नि पुन्हा सहाव्या. प्रेसला देण्याआधी कुणी वाचलं होतं का रे? प्रीतीवरचा तो अध्याय तू रोमकरांस पत्रात नेऊन ठेवलास. संडे स्कूलचं पोट्टंही सांगेल, तो पहिल्या करिंथकरांसमधला तेरावा. टाइप करणाऱ्यावर ढकलू नकोस. संपादक म्हणून नाव तुझं आहे.

आणि पत्रिकेचं नाव काय, तर 'निरोप्या'! अरे बाप्पा, त्या नावाचं मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली काढलंय. दुसऱ्याची पाटी आपल्या दारावर लावायची नसते. उद्या रीतसर नियतकालिक करायचं म्हणशील, तर 2023च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली शीर्षकाची नोंदणी करावी लागेल. तेव्हा कुठे तोंड दाखवशील?

साक्षी चार छापल्यास. चारही एका साच्यातल्या: आजार, प्रार्थना, आराम, प्रभूला धन्यवाद. त्यातल्या एक बाई महिनाभर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात होत्या म्हणतोस, तर रात्री त्यांच्या उशाशी कोण बसायचं? देवावर राग आला होता का कधी? यातलं एक अक्षर नाही, कारण तू विचारलंच नाहीस. लिहून आलं ते लावून टाकलंस. त्यात एक कविता मोबाइलवर फिरत आलेली, खाली 'संकलित'. संकलित हे कुणाचं आडनाव रे? कवीचं नाव शोध, परवानगी घे, नाही जमलं तर काढून टाक. चोरीला आध्यात्मिक म्हटल्यानं ती पवित्र होत नाही.

'बाई, भावना शुद्ध आहे' हे मला सांगायचं नाही. भावना शुद्ध असेल तर लेखन अशुद्ध कशाला? 'ज्ञानोदय' 1842 साली अहमदनगरला निघाला. मिशनऱ्यांचं पत्र, धर्मप्रसारासाठीच काढलेलं. तरी त्यात खगोलावर, निसर्गविज्ञानावर लेख यायचे. वाचकाला काही कळावं एवढी तरी इच्छा होती त्यांना. 1912 पासून रेव्हरंड टिळक त्याचा मराठी भाग बघत. हेच टिळक आधी काही काळ आपल्या नागपुरात होते, ठाऊक आहे?

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? कुठल्या शाळेत गेल्या होत्या त्या? अक्षरओळख झाली तीच लग्नानंतर. मुलाला, देवदत्ताला, टिळकांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून आठवणी लिहून द्यायला बसल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. 1933 साली इथे नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच. टिपणांच्या कागदांत पुस्तक आहे हे कुणाच्या तरी नजरेला दिसावं लागतं, पोरा. ती नजर म्हणजे संपादक.

तुझी नजर कुठे असते? पिपळ्याकडच्या ले-आउटमधल्या त्या आजी नाताळात स्वतः जुळवलेली भजनं खंजिरीवर म्हणतात. शंभर पानी वहीत लिहून ठेवली आहेत, पेन्सिलीनं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण एका भजनात मरियेला गोठ्यात थंडी वाजते म्हणून बाळाच्या आधी तिच्यावर घोंगडी टाकली आहे. हे सुचायला बाळंतपण केलेली बाई लागते. वही मागितलीस कधी? त्यांना टाइप करून पाठवता येत नाही, म्हणून तुझ्या हिशेबी त्या लेखिका नाहीत. आपलं सगळं हुडकेश्वर धुंडाळायचं सोडून तू मोबाइल धुंडाळत बसलास.

पुढचा अंक चारच पानांचा. दोन लेखक पुरेत. त्यांच्या घरी जायचं, लिहिलेलं त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं, अडेल तिथे त्यांनाच विचारायचं. त्यांची बोली 'सुधारायची' नाही. चुकीचं वचन मात्र तपासल्याशिवाय सोडायचं नाही. मजकूर मला पंधरा दिवस आधी दाखव, आदल्या रात्री नाही.

आणि हो, शेवटच्या पानावर आधारस्तंभांत माझा फोटो कुणी टाकला? विचारलं होतंस? काढ तो.